सातवी सुरू होतेय: पहिल्या पंधरवड्यात नेमकं काय करावं?

पाटीपेन्सिल
नमस्कार सगळ्यांना. मी यंदा सातवीत गेले. मराठी माध्यम, राज्य मंडळ. आईच्या खात्यावरून, तिला विचारूनच लिहितेय.

शाळा उघडायच्या सुमाराला घरोघरी एकच बोलणं असतं: वह्या आणल्या का, दप्तर नवं घ्यायचं का, गणवेश होतोय का. ही सगळी वरवरची तयारी आहे असं मला वाटतं. सहावीत परिसर अभ्यासाची दोन पुस्तकं गेली आणि सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र, भूगोल असे वेगळे विषय आले. तो बदल सगळ्यांना दिसला. सातवीत विषयांची नावं तीच राहतात, म्हणून काही बदललंच नाही असं वाटतं. पण गणिताचं पुस्तक चाळलं तर पूर्णांकांचा गुणाकार-भागाकार, परिमेय संख्या, घातांक, बैजिक राशी, पायथागोरस हे सगळं एकाच वर्षात आहे. इतिहासात शिवाजी महाराज पुन्हा येतात, पण चौथीसारखे गोष्टींमधून नाही.

दहावीबद्दल सगळे बोलतात, सातवीबद्दल कुणीच नाही. मला तर सहावी ते आठवी हीच वर्षं महत्त्वाची वाटतात. इथे कच्चं राहिलेलं पुढे नडतं.

म्हणून विचारते. पहिल्या पंधरा दिवसांत गृहपाठ कमी असतो. तेवढ्यात सहावीचं सगळं पुन्हा वाचावं की ठरावीकच? वह्या कशा ठेवाव्यात? रोज किती वेळ बसावं? ‘मन लावून अभ्यास कर’ याच्या पुढचं काहीतरी सांगा.

शाईची_दौत
प्रश्न आवडला, आणि विचारण्याची पद्धत त्याहून जास्त. सुरुवात अगदी सोपी कर. सहावीच्या वह्यांतली कोरी पानं काढ, एका बाजूला दोन भोकं पाड, दोरा ओव. कच्च्या कामाची वही तयार झाली, ती विकत आणू नकोस. बाकी मोठे लिहितीलच.

भूमिती_भक्त
सहावीचं सगळं गणित पुन्हा करायची गरज नाही. आधी चाचणी घे, मग जिथे अडलं तेवढंच कर. पुढची सात उदाहरणं वही-पुस्तक न बघता, वेळ लावून सोडव. वीस मिनिटं पुरे.

−७ + ४
−७ − ४
३/४ + ५/६
२.५ × ०.४
३६ आणि ४८ यांचा मसावि व लसावि
२४० चे १५ टक्के
५x − ३ = १७, तर x किती?

उत्तरं: −३, −११, १९/१२ (म्हणजे १ पूर्णांक ७/१२), १, मसावि १२ व लसावि १४४, ३६, ४.

आता कुठे चुकलं त्यावरून काय करायचं ते बघ. दुसऱ्या उदाहरणाचं उत्तर ११ किंवा −३ आलं, तर संख्यारेषेवर परत जायला हवं. याचं कारण सातवीत लगेच पूर्णांकांचा गुणाकार येतो आणि मुलं ‘उणे उणे अधिक’ हे सूत्र पाठ करतात. ते सूत्र गुणाकाराचं आहे. (−३) × (−४) = १२ हे बरोबर, पण −३ − ४ मध्ये गुणाकारच नाही, तिथे उत्तर −७. ही गल्लत पुढे बैजिक राशींच्या वजाबाकीत शिरते आणि वर्षभर निघत नाही. पहिल्या पंधरवड्यात एकच गोष्ट करायची असेल तर संख्यारेषेवर बेरीज-वजाबाकीची रोज दहा उदाहरणं, इतकंच.

तिसरं चुकलं (८/१० असं उत्तर आलं), तर लसाविचा उपयोग कळलेला नाही. परिमेय संख्यांचं प्रकरण त्यावरच उभं आहे. चौथं चुकलं तर दशांशचिन्हाची जागा मोजायला शिक: २५ × ४ = १००, दोन्ही संख्यांत मिळून दशांशानंतरचे अंक दोन, म्हणून १.००.

तळकोकणचा_पाऊस
@भूमिती_भक्त, मसावि-लसावि सातवीतही एक प्रकरण आहेच ना? मग सहावीचं परत कशाला?

भूमिती_भक्त
आहे, पण वर्गात ते भराभर पुढे सरकतं. सहावीत मूळ अवयव पाडायला जमले असतील तर ते दोन तासिकांत होतं. जमले नसतील तर १०० पर्यंतच्या मूळ संख्या आधी लिहून काढा. त्या २५ आहेत. ५१, ५७, ८७ आणि ९१ या चार संख्या मूळ नाहीत, आणि मुलं फसतात ती याच चारांवर: ३×१७, ३×१९, ३×२९, ७×१३.

जास्वंद
गणितावरच धागा संपेल असं दिसतंय, म्हणून मध्येच दप्तराचं लिहिते.

केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त ओझं नको असं आहे. सहावी-सातवीसाठी २ ते ३ किलो, आठवीसाठी अडीच ते ४ किलो. आता हिशेब करा. ए-फोर आकाराची २०० पानी वही, कागद ६० जीएसएमचा (चौरस मीटरला ६० ग्रॅम) असेल तर नुसता कागदच पावणेचारशे ग्रॅम भरतो. अशा चार वह्या म्हणजे दीड किलो. एक लिटर पाणी एक किलो, स्टीलच्या बाटलीचं वजन वेगळं. पुस्तकं, डबा आणि रिकाम्या दप्तराचं वजन अजून धरलेलंच नाही.

उपाय वह्यांपासून सुरू होतो. २०० पानी घेऊच नका. १०० पानी घ्या, भरली की दुसरी. पाण्याची बाटली अर्धा लिटरची, शाळेत भरायची सोय असेल तर. दप्तर घेताना आतले कप्पे मोजू नका. पाठीला लागणारा भाग आणि पट्टे बघा. पट्टे रुंद, गादीचे, आणि इतके आवळलेले की दप्तराचा तळ कमरेच्या खाली लोंबणार नाही. जड वस्तू पाठीच्या बाजूला, हलक्या बाहेर.

दर शनिवारी दप्तर पूर्ण रिकामं करून झाडायचं. त्यालाही सुट्टी हवी की!

खडू_आणि_फळा
जास्वंद यांच्याशी वह्यांबाबत सहमत, एक भर. शाळा विषयवार वही मागते, पण वर्गकार्य आणि गृहपाठ अशा दोन वेगळ्या वह्या प्रत्येक विषयाला ठेवायचा आग्रह सगळीकडे नसतो. पहिल्याच आठवड्यात त्या त्या बाईंना-सरांना विचारा की पुढून वर्गकार्य, मागून गृहपाठ चालेल का. बहुतेक वेळा चालतं. भूगोलाला मात्र नकाशांसाठी कोऱ्या पानांची आणि विज्ञानाला एका बाजूला रेघा, एका बाजूला कोरं पान असलेली वही घ्या. आकृती रेघांवर काढली की नावं देताना गोंधळ होतो.

वेळापत्रक हातात आलं की दाराजवळ लावा आणि दप्तर रात्री भरा. सकाळी भरलेल्या दप्तरात नको त्या वह्या जास्त असतात, कारण घाईत माणूस काढत नाही, टाकत जातो.

आता मूल्यमापनाचं, हे पाटीपेन्सिलला मुद्दाम सांगायचं आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात सहावीला आकारिक (वर्षभर चालणारं) ५० आणि संकलित (सत्रअखेरच्या परीक्षेचं) ५० असं प्रमाण असतं. सातवीत ते आकारिक ४०, संकलित ६० होतं. म्हणजे विषय तेच राहिले तरी लेखी परीक्षेचा भार वाढला. सहावीत प्रकल्प, तोंडी काम, उपक्रम यांतून जे सावरलं जायचं ते थोडं कमी सावरलं जाईल. म्हणून पहिल्या महिन्यापासून उत्तरं पूर्ण वाक्यांत लिहायची सवय हवी. धडा समजला, पण तीन गुणांच्या उत्तराला एकच ओळ लिहिली, तर त्या समजण्याचे गुण मिळत नाहीत.

वऱ्हाडी_ऊन
आमच्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटाला उघडतात. त्यामुळे पहिला पंधरवडा म्हणजे थेट जुलैचा मध्य. बाकी महाराष्ट्रातल्या मुलांपेक्षा पहिल्या सत्रात दिवस कमी मिळतात, तेव्हा भूमिती_भक्त यांची चाचणी शाळा उघडायच्या आधीच घ्यावी असं मी म्हणेन.

रानवाटा
मी थोडी वेगळी बाजू मांडतो. सुट्टीत चाचण्या नकोत. मुलं सुट्टीतून आली की पहिला आठवडा झोप आणि जेवणाच्या वेळा बसवण्यातच जातो, आणि तो जाऊ द्यावा. अपुऱ्या झोपेवर उदाहरणांचा ढीग घातला तर काही टिकत नाही.

परिचारिका_मावशी
रानवाटा यांचं बरोबर आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते, १३ वर्षांनंतर ८ ते १० तास. सकाळची शाळा असेल आणि सहाला उठायचं असेल, तर रात्री नऊला दिवा बंद. झोपेची वेळ एकदम दोन तासांनी मागे येत नाही. रोज १५-२० मिनिटांनी सरकवा, आठवड्यात बसते.

या वयाच्या आणखी काही गोष्टी, ज्या शाळेच्या यादीत नसतात.

सरकारी आणि अनुदानित शाळांत सहावीपासून आठवड्याला एक निळी गोळी मिळते, लोह आणि फॉलिक अॅसिडची. उपाशीपोटी घेऊ नका, मळमळतं. जेवणानंतर घ्या. तिच्या आगेमागे तासभर चहा नको, चहाने लोह शोषलं जात नाही. लिंबू किंवा आवळा चालतो, उलट मदत करतो. शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरायचं नाही. पुष्कळ मुलं पहिल्या मळमळीला घाबरून गोळी टाकून देतात, आणि कारण बहुतेक वेळा रिकामं पोट एवढंच असतं.

पोषण आहारातही सहावीपासून धान्याचं प्रमाण १०० ऐवजी १५० ग्रॅम धरतात. त्यातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. म्हणजे भूक वाढते हे सरकारनेही धरलंय. घरून डबा नेणाऱ्यांच्या आयांनी पाचवीच्या मापाचा डबा आता बदलावा.

मुलींसाठी: पाळी या वर्षांत केव्हाही सुरू होऊ शकते. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एका छोट्या कापडी पिशवीत दोन पॅड, एक जादा निकर आणि कागदी पिशवी कायम असू द्या. पाळी सुरू झालेली असो वा नसो. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, कमी रक्तस्राव असला तरी. आणि वर्गातल्या कोणत्या बाईंना सांगायचं हे आधीच ठरलेलं असावं.

पावसाळ्यात मोज्यांचे निदान तीन जोड. ओले मोजे दिवसभर पायात राहिले की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. घरी आल्यावर पाय धुऊन बेचक्या कोरड्या करायच्या, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि तासाभराने बदलायचे.

अटलांटिककाठ
इथे अमेरिकेत सहावी ते आठवी ही मिडल स्कूल म्हणून वेगळी शाळाच असते. पुस्तकं लॉकरमध्ये राहतात, म्हणून ओझं कमी. पण आकड्यांचं कुलूप उघडता न येणं हीच पहिल्या आठवड्यातली सर्वांत मोठी धास्ती असते. इथे नव्याने आलेल्या मराठी मुलांसाठी लिहितो: आधी चकती उजवीकडे दोन-तीन पूर्ण फेरे फिरवून पहिल्या आकड्यावर थांबवा. मग डावीकडे, पहिला आकडा एकदा ओलांडून दुसऱ्यावर. मग उजवीकडे सरळ तिसऱ्यावर, आणि ओढा. चुकतं ते मधल्या पायरीत. पहिला आकडा ओलांडायचा राहतो. उन्हाळ्यातच असं एक कुलूप आणून घरी सराव करावा.

खडू_आणि_फळा
@अटलांटिककाठ, लॉकर आपल्याकडे क्वचितच. पण वर्गात एक कपाट किंवा फळी मिळाली तरी चित्रकला, कार्यानुभव आणि शब्दकोश तिथे राहू शकतात. पालकसभेत पहिल्याच महिन्यात हे मागावं. त्यात ना मोठा खर्च, ना फार जागा.

इतिहासवेल्हाळ
सातवीचा इतिहास चौथीपेक्षा कसा वेगळा, हे धागाकर्तीने नेमकं ओळखलं. चौथीत प्रसंग होते, सातवीत राज्यव्यवस्था आहे: करपद्धती, अष्टप्रधान, आरमार, मग पुढे मराठ्यांचं स्वातंत्र्ययुद्ध आणि पेशवाई. मुलांची अडचण अशी की प्रसंग पाठ असतात, पण क्रम नसतो. पुरंदरचा तह आधी की आग्रा, असं विचारलं की गडबड.

यावर एक काम पहिल्या आठवड्यात करून ठेव. ए-फोर कोऱ्या कागदावर उभी २२ सेंटीमीटरची रेघ काढ. १ सेंटीमीटर म्हणजे १० वर्षं. वर १६००, खाली १८२०. त्यावर पेन्सिलीने बिंदू दे: १६३० जन्म, १६५९ प्रतापगड, १६६४ सुरत, १६६५ पुरंदर, १६६६ आग्रा, १६७४ राज्याभिषेक, १६८० निधन, १७६१ पानिपत, १८१८ पेशवाईचा शेवट. १६५९ ते १६७४ एवढ्या दीड सेंटीमीटरात किती दाटी झाली आणि १७६१ किती खाली गेलं, हे डोळ्यांना दिसलं की क्रम पाठ करावा लागत नाही. वर्षभर जो धडा होईल त्यातली साल या पट्टीवर चढवत जायची. दाटीच्या जागी शेजारी दुसरी मोठी पट्टी काढ, तिथे १ सेंटीमीटर म्हणजे १ वर्ष.

तळकोकणचा_पाऊस
हे फारच छान. उद्याच करून घेतो घरी.

बोरूबहाद्दर
गाईडचं कुणी बोललं नाही. माझं मत स्पष्ट आहे: सातवीला गाईड नको. स्वाध्यायाची उत्तरं धड्यातच असतात. गाईडातून उतरवलं की धडा वाचायचं कारणच उरत नाही.

वऱ्हाडी_ऊन
बोरूबहाद्दर, सरसकट नको असं कसं म्हणता येईल? ज्या घरात आईवडिलांना इंग्रजी येत नाही, तिथे इंग्रजीच्या धड्याचा मराठी अर्थ कुठून मिळणार? तिथे गाईड हाच आधार असतो. एका विषयाचं असू दे.

बोरूबहाद्दर
इंग्रजीपुरतं मान्य. पण क्रम असा ठेवावा: आधी धडा मोठ्याने वाचायचा, न कळलेले शब्द खाली ओढायचे, शब्दकोशात बघायचे, आणि शेवटी गाईड. शब्दांची वही करताना तीन रकाने ठेवा: शब्द, अर्थ, आणि त्याच धड्यातलं वाक्य. नुसता अर्थ लिहिलेले शब्द आठवड्यात विसरतात, वाक्य असलं की टिकतात. रोज पाचच.

हिंदीच्या वहीत मात्र एक सापळा आहे. लिपी एक असल्याने ऱ्हस्वदीर्घ तेच असेल असं मुलं धरून चालतात. मराठीत कवी, गुरू. हिंदीत कवि, गुरु. सातवीच्या हिंदी शुद्धलेखनात गुण जातात ते बहुतेक इथेच.

जास्वंद
भावंडांची जुनी पुस्तकं वापरणाऱ्यांनी एक करा. मुखपृष्ठामागच्या पानावर आवृत्तीचं वर्ष बघा. २०२३-२४ पासून दोन वर्षं चार भागांतली, धड्यांमध्ये नोंदींसाठी कोरी पानं असलेली पुस्तकं होती, मग ती पद्धत बंद झाली. पान क्रमांक जुळत नाहीत. धड्यांचे अनुक्रम ताडून बघा, नाहीतर बाई पान ४२ म्हणतील आणि मूल भलतीकडेच. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, तिथून तपासता येतं.

खडू_आणि_फळा
सातवीचं आणखी एक महत्त्व राहिलं. आठवीत एनएमएमएस (आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती) परीक्षा देता येते, पण त्यासाठी सातवीत किमान ५५ टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के). सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या, वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतल्या मुलांसाठी ही शिष्यवृत्ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. दोन पेपर, बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. शालेय विषयांच्या पेपरात सातवीतलंही विचारतात, म्हणून सातवीची पुस्तकं वर्ष संपल्यावर कुणाला देऊन टाकू नका.

राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला होती. शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला आहे. तेव्हा यंदाचं परिपत्रक मुख्याध्यापकांकडे बघून घ्या. दीडशे-दीडशे गुणांचे दोन पेपर: पहिला प्रथम भाषा व गणित, दुसरा तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी.

भूमिती_भक्त
परत गणितावर येतो, कारण सातवीचं पहिलं प्रकरण भौमितिक रचना आहे आणि ते पहिल्या पंधरवड्यातच येतं. कंपासपेटी जुनी चालेल, पण तपासून घ्या. कंपासचं टोक आणि पेन्सिलीचं टोक मिटल्यावर एका पातळीत यायला हवं. वरचा स्क्रू सैल असेल तर वर्तुळ जिथून सुरू केलं तिथे मिळत नाही. पेन्सिल आखूड, एका बाजूने तासलेली.

त्रिकोणाच्या तीन कोनदुभाजकांचा छेदबिंदू एकच यायला हवा. प्रत्यक्षात वहीत छोटासा त्रिकोणच तयार होतो. कारणं दोन: रेघ जाड, किंवा त्रिकोण फार लहान. बाजू ६-७ सेंटीमीटरपेक्षा कमी घेऊ नका. आणि बाजूंच्या लंबदुभाजकांची रचना करताना विशालकोन त्रिकोण असेल, तर छेदबिंदू त्रिकोणाच्या बाहेर येतो. पानाच्या कडेला त्रिकोण काढला तर बिंदू वहीबाहेर जाईल. आधी कच्ची आकृती, मग पानाच्या मध्यावर पक्की. काटकोन त्रिकोणात तो बिंदू कर्णाच्या बरोबर मध्यावर येतो. पट्टीने मोजून रचना बरोबर आली का हे तिथे लगेच तपासता येतं.

पाटीपेन्सिल
सगळ्यांना खूप धन्यवाद. भूमिती_भक्त काका, सहा बरोबर आली, ३/४ + ५/६ चुकलं. मूळ संख्यांची यादी केली आहे. इतिहासाची पट्टी तर भिंतीवर लागलीसुद्धा. परिचारिका मावशींनी सांगितलेली पिशवी आईने भरून दिली.

गणित, इतिहास, भाषा झालं. विज्ञान-भूगोलात पहिल्या पंधरवड्यात करण्यासारखं काही आहे का? भूगोलाचा पहिला धडा ऋतुनिर्मितीचा आहे.

रानवाटा
आहे, आणि ते याच दिवसांत करावं लागतं, कारण २१ जून पुन्हा वर्षानेच येईल. त्या धड्यात सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा आणि सावलीचं निरीक्षण आहे. शाळेत तो शिकवेपर्यंत तारीख निघून जाते, मग मुलं तक्ता कुठूनतरी उतरवतात.

आधी एक कोडं. जूनमध्ये पायाशी, डिसेंबरात अंगणभर. ओळखा पाहू?

तळकोकणचा_पाऊस
सावली!

रानवाटा
शाब्बास. आता करायचं काय ते सांगतो. बरोबर एक मीटरची सरळ काठी, सपाट जमिनीवर ओळंब्याने उभी. मध्यान्हीला सावलीच्या टोकावर खूण, लांबी मोज, दिशा लिही. पुण्यात २१ जूनला ती सावली जेमतेम ८-९ सेंटीमीटर भरते आणि पडते दक्षिणेला. हे बघून मोठी माणसंही चक्रावतात, कारण आपल्याकडे सावली उत्तरेला पडते अशी सगळ्यांची समजूत. पुणं साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर, सूर्य त्या दिवशी कर्कवृत्तावर, साडेतेवीस अंशांच्या जवळ. म्हणजे सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला. २२ डिसेंबरला हीच सावली उत्तरेला ९० सेंटीमीटर. नागपुरात जूनमध्ये ४ सेंटीमीटर, डिसेंबरात एक मीटरला थोडी कमी.

ढग असतील तर हिरमुसू नकोस. १५ जून ते ३० जूनमध्ये ज्या दिवशी ऊन पडेल त्या दिवशी मोज, या काळात सूर्याची जागा फार थोडी हलते. सूर्योदय-सूर्यास्त मात्र दिनदर्शिकेतून रोज उतरवून घे. पुण्यात आता दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आहे, डिसेंबरात अकरा होईल.

पाटीपेन्सिल
रानवाटा काका, मध्यान्ह म्हणजे दुपारी बारा ना? आणि आमच्याकडे अंगण नाही, गच्ची आहे. चालेल?

रानवाटा
गच्ची चालेल, फक्त पाणी जाण्यासाठी दिलेला उतार असतो, म्हणून काठीखाली सपाट फळी ठेव आणि फळी पाण्याने भरलेल्या ताटलीने समतल कर.

बारा नाही. सहावीचं रेखावृत्तांचं प्रकरण आठव. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची, एका अंशाला ४ मिनिटं. पुणं ७३.८५ अंशांवर, फरक ८.६५ अंश, म्हणजे सुमारे ३५ मिनिटं उशीर. त्यात २१ जूनच्या सुमाराला आणखी दोन मिनिटं मिळव. साधारण १२ वाजून ३७ मिनिटं. मुंबईला १२:४०, नागपूरला १२:१६. तू सव्वाबारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी टोकाला खूण कर. सर्वांत आखूड सावली कुठली ते बघ, आणि तिच्या वेळेवरून आपलं रेखावृत्त उलटं काढून वहीत लिही.